तांब्याच्या पृष्ठभागावर ऑजे-फोटोइलेक्ट्रॉन कोइन्सिडन्स: बीम वाढवण्याआधीची कामं

कोइन्सिडन्सचं (एकाच घटनेतून निघालेले दोन इलेक्ट्रॉन जोडीने पकडण्याचं) मोजमाप सुरू होतं, तासाभरात जेमतेम दीडशे-दोनशे काउंट जमतात आणि हात आपोआप फ्लक्सकडे (नमुन्यावर सेकंदाला पडणाऱ्या फोटॉनांच्या संख्येकडे) जातो. कोणी स्लिट उघडतं, कोणी सोर्सची पॉवर वाढवतं. आकडे भराभर चढतात, सगळे खूश होतात. डेटा उलगडून बघितल्यावर कळतं की वाढले ते बहुतेक नको असलेलेच काउंट. हा लेख त्या चुकीसाठी आणि तिच्या आजूबाजूच्या चार-पाच चुकांसाठी आहे.

उदाहरण शेवटपर्यंत एकच धरलं आहे: तांबं. एक्स-रे फोटॉन २पी ३/२ पातळीतून इलेक्ट्रॉन उडवतो. ती पोकळी भरताना व्हॅलन्स पट्ट्यातून ऑजे इलेक्ट्रॉन (एल३व्हीव्ही) बाहेर पडतो. एका ॲनालायझरने (ठरावीक ऊर्जेचे इलेक्ट्रॉन निवडणाऱ्या उपकरणाने) फोटोइलेक्ट्रॉन पकडायचा, दुसऱ्याने ऑजे, आणि दोघं एकाच घटनेतून निघाले असतील तेवढ्याच जोड्या ठेवायच्या. अशा जोड्यांना पुढे ‘खऱ्या’ म्हटलं आहे. गर्दीच्या लोकलमधून एकाच क्षणी उतरलेले दोघे नातेवाईक असतीलच असं नाही; तशा नुसत्या वेळ जुळलेल्या जोड्या म्हणजे ‘आकस्मिक’.

## टप्पा १: कोइन्सिडन्सची गरज आहे का?

हा प्रश्न बीमटाइमचा (सिंक्रोट्रॉनवरच्या मोजणीच्या वेळेचा) अर्ज लिहिण्याआधी विचारायचा. साध्या ऑजे स्पेक्ट्रममध्ये एल३ (२पी ३/२) आणि एल२ (२पी १/२) या दोन्ही पोकळ्यांतून आलेले इलेक्ट्रॉन मिसळलेले असतात. त्यांच्याखाली ऊर्जा गमावून आलेल्या इलेक्ट्रॉनांचा जाड बॅकग्राउंड असतो. कोइन्सिडन्स या दोन्ही गोष्टी वेगळ्या करतो. शिवाय दोन्ही इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जांची बेरीज शेवटच्या दोन-पोकळी अवस्थेवर ठरत असल्यामुळे गाभ्यातल्या पोकळीच्या अल्प आयुष्यामुळे येणारं रुंदीकरणही टाळता येतं.

तुम्हाला फक्त एल२ चा भाग काढून टाकायचा असेल आणि फोटॉनची ऊर्जा बदलता येत असेल, तर ती ९३२.७ आणि ९५२.५ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या मधे ठेवा. एल२ पोकळी तयारच होणार नाही. उंबरठ्याजवळ ऑजे रेषेचा आकार थोडा बिघडतो हे खरं, पण कित्येक प्रश्नांना तेवढं चालतं आणि काम तासाभरात होतं. एल२ पोकळी आधी एल३ मध्ये सरकते (कॉस्टर-क्रोनिग) आणि मग ऑजे होतो, तो वाटा मोजायचा असेल तर मात्र कोइन्सिडन्सला पर्याय नाही.

## टप्पा २: आधी कागदावरचं गणित

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

आकस्मिक जोड्यांचा दर काढणं सोपं आहे: पहिल्या हाताचा (म्हणजे पहिल्या ॲनालायझरचा) काउंट रेट, गुणिले दुसऱ्या हाताचा काउंट रेट, गुणिले वेळेची विंडो (किती वेळेच्या आत आलेले दोघे जोडी धरायचे ती मर्यादा). दोन्ही हातांत सेकंदाला १०,००० काउंट आणि विंडो १० नॅनोसेकंद असेल, तर आकस्मिक जोड्या सेकंदाला १. बॅकग्राउंडचे काउंटही यात धरायचे. डिटेक्टरला त्यांच्यातला फरक कळत नाही.

आता खऱ्या जोड्या. फोटोइलेक्ट्रॉनच्या हातातल्या १०,००० पैकी ५,००० खरोखर २पी ३/२ पीकमधले आहेत असं धरू. त्यांचा जोडीदार दुसऱ्या ॲनालायझरच्या छोट्या घनकोनात, नेमक्या लावलेल्या ऊर्जेला आणि वाटेत न धडपडता पोचण्याची शक्यता लाखात एक. म्हणजे खऱ्या जोड्या सेकंदाला ०.०५, एका खऱ्यामागे वीस आकस्मिक.

खऱ्या जोड्या फ्लक्सच्या प्रमाणात वाढतात, आकस्मिक फ्लक्सच्या वर्गाच्या प्रमाणात. आकस्मिकांची सरासरी वेगळ्या, खूप रुंद विंडोतून काढली आहे असं धरून, ऊर्जेच्या एका बिंदूवर ५ टक्के अचूकता मिळवायला लागणारा वेळ असा येतो:

- आहे तो फ्लक्स: सुमारे ४७ तास
- फ्लक्स दुप्पट: सुमारे ४६ तास
- फ्लक्स एक-पंचमांश: सुमारे ५६ तास
- फ्लक्स तोच, विंडो ५ नॅनोसेकंद: सुमारे २४ तास
- फ्लक्स तोच, ऑजे हाताचा घनकोन दुप्पट: सुमारे २३ तास

दुसरी ओळ पुन्हा वाचा. फ्लक्स कितीही वाढवला तरी हा वेळ ४४ तासांच्या खाली येतच नाही. उलट फ्लक्स पाचपट कमी केला तर नऊ तास जास्त जातात, पण खऱ्या-आकस्मिकाचं गुणोत्तर ०.०५ वरून ०.२५ वर येतं. वजाबाकीतली एखादी बारीक चूक पहिल्या परिस्थितीत निकाल गिळून टाकते, दुसऱ्यात ती खपून जाते. मी तरी दर वेळी कमी फ्लक्सच्याच बाजूने कौल देईन.

यावरून खर्च कुठे करायचा तेही कळतं: विंडो अरुंद करणं, घनकोन वाढवणं आणि ऊर्जेचे अनेक बिंदू एकाच वेळी नोंदवणारा डिटेक्टर वापरणं. शेवटची गोष्ट नसेल तर ३० बिंदूंचा स्पेक्ट्रम घेण्याचा विचार सोडून द्या. बर्लिनच्या बेसी-२ वर कोएस्का स्टेशनमध्ये दोन टाइम-ऑफ-फ्लाइट ॲनालायझर (प्रवासाच्या वेळेवरून ऊर्जा काढणारे) एकत्र कामाला लावले आहेत, ते याचसाठी.

तपासणी: तुमच्या उपकरणाचे आकडे घालून हा तक्ता बनवला आहे का? नसेल तर पुढचे टप्पे वाचून उपयोग नाही.

## टप्पा ३: व्हॅक्यूम आणि नमुना

आकडे तासांत नाही, दिवसांत येतात, आणि पृष्ठभाग तेवढा वेळ स्वच्छ राहत नाही. दाब दहाच्या उणे दहाव्या घाताच्या आसपास (प्रयोगशाळेच्या बोलीत ‘मायनस टेन’, टॉरमध्ये) असेल आणि आदळलेला प्रत्येक रेणू चिकटत असेल, तर सुमारे तीन तासांत एक थर बसतो. तांबं त्या मानाने सोशिक. ॲल्युमिनियम किंवा सिलिकॉनबाबत इतकी सवलत मिळत नाही.

क्रम असा ठेवा:

१. चेंबर बेक करा (तापवून भिंतींना चिकटलेले वायू बाहेर काढा). नमुन्याचा होल्डर आणि हीटिंगचा फिलामेंट बेकनंतर पण स्पटरिंगच्या (आयनांचा मारा करून पृष्ठभाग खरवडण्याच्या) आधी नीट डीगॅस करा. हे राहून गेलं की पहिल्याच अ‍ॅनीलिंगला (नमुना तापवताना) होल्डरमधला कचरा नमुन्यावर येतो.

२. आर्गॉन आयनांनी स्पटर करा: ५०० ते १,००० इलेक्ट्रॉन-व्होल्ट, पंधरा-वीस मिनिटं.

३. सुमारे ५०० अंश सेल्सिअसला अ‍ॅनील करा, दहा मिनिटं. तापवल्यावर तांब्याच्या पोटातला गंधक वर येतो, म्हणून एका फेरीवर थांबू नका. अ‍ॅनीलनंतर गंधक दिसेनासा होईपर्यंत स्पटर-अ‍ॅनील चालू ठेवा.

४. साध्या एक्स-रे फोटोइलेक्ट्रॉन स्पेक्ट्रममध्ये कार्बन १एस (सुमारे २८५), ऑक्सिजन १एस (सुमारे ५३१) आणि गंधक २पी (सुमारे १६२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट) बघा. एकल स्फटिक असेल तर लीडचे (कमी ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनांच्या विवर्तनाचे) ठिपके टोकदार आणि मधली जागा काळी हवी.

सावधान: क्युप्रस ऑक्साइड २पी ३/२ च्या जागेवरून ओळखता येत नाही, कारण त्याची जागा धातूच्या जवळपास तीच असते. ऑजे रेषेकडे बघा: धातूची ९१८.६ ला, क्युप्रस ऑक्साइडची साधारण ९१७ ला. तुम्ही मोजणार आहात ती रेषा नेमकी हीच, त्यामुळे थोडासा ऑक्साइडही ‘नवीन भौतिकी’ म्हणून लेखात घुसू शकतो.

कोइन्सिडन्समध्ये ही काळजी नेहमीपेक्षा जास्त लागते. दोन्ही इलेक्ट्रॉन ऊर्जा न गमावता बाहेर यावे लागतात, म्हणून प्रभावी खोली दोन्ही मीन फ्री पाथपेक्षा (ऊर्जा न गमावता इलेक्ट्रॉन सरासरी जेवढं अंतर जातो त्यापेक्षा) कमी भरते (त्यांच्या व्यस्तांची बेरीज होते). ॲल्युमिनियमच्या सोर्सचे के-अल्फा एक्स-रे वापरल्यास तांब्याचा फोटोइलेक्ट्रॉन ५५४ आणि ऑजे ९१८ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा. त्यांचे मीन फ्री पाथ साधारण १ आणि १.४ नॅनोमीटर धरले तर लंब दिशेला प्रभावी खोली ०.६ नॅनोमीटर, म्हणजे (१११) पृष्ठाचे तीनच थर. साध्या स्पेक्ट्रममध्ये जेमतेम जाणवणारी घाण इथे ठळक होते.

## टप्पा ४: दोन्ही हात एकाच ठिपक्यावर

दोन्ही ॲनालायझर वेगवेगळ्या जागा बघत असतील तर साधे काउंट दोघांतही भरपूर येतात आणि खरी जोडी एकही मिळत नाही. बाहेरून सगळं ठीकठाक दिसतं, म्हणूनच ही चूक उशिरा सापडते.

नमुन्याच्या जागी बारीक तार किंवा छोटं छिद्र असलेली पट्टी आणा. ती एक्स आणि वाय दोन्ही दिशांना थोडी थोडी सरकवत दोन्ही हातांचे काउंट एकाच वेळी टिपा. दोन्ही आलेखांची शिखरं एकाच जागी यायला हवीत. नाही आली तर ॲनालायझर हलवा किंवा लेन्सचं डिफ्लेक्शन बदला. दोघांच्या मधे नमुना ठेवून तडजोड करू नका. नंतर नमुना वर-खाली करूनही हेच बघा.

तपासणी: पास एनर्जी (इलेक्ट्रॉन ॲनालायझरमधून ज्या ऊर्जेने जातो ती) आणि लेन्स मोड प्रत्यक्ष मोजणीत असणार तेच ठेवून ही चाचणी घेतली का? लेन्स मोड बदलला की बघण्याचा ठिपका सरकतो.

## टप्पा ५: ऊर्जेचं कॅलिब्रेशन

यात नवीन काही नाही. दोन्ही हात स्वतंत्रपणे सोनं ४एफ ७/२ (८३.९६), चांदी ३डी ५/२ (३६८.२१) आणि तांबं २पी ३/२ (९३२.६२) यांच्यावर बसवा. मोनोक्रोमेटर (एकाच ऊर्जेचे एक्स-रे निवडणारं उपकरण) नसलेला सोर्स असेल तर के-अल्फा ३ आणि ४ या सोर्समधल्या कमकुवत जादा रेषांचे उपग्रह पीक मुख्य पीकपेक्षा सुमारे १० आणि १२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट जास्त गतिज ऊर्जेला येतात, हे ध्यानात ठेवा. २पी १/२ चे उपग्रह ५४४ ते ५४६ ला, २पी ३/२ च्या मुख्य पीकच्या पायथ्याशी येऊन बसतात.

## टप्पा ६: वेळेचा शून्य शोधणं

इलेक्ट्रॉन ॲनालायझरमधून निवांत फिरून येतो. सरासरी त्रिज्या १०० मिलिमीटर असलेल्या हेमिस्फिअरमध्ये पास एनर्जी १०० इलेक्ट्रॉन-व्होल्ट असेल तर अर्धगोल ओलांडायला सुमारे ५३ नॅनोसेकंद लागतात. आत शिरण्याचा कोन ±३ अंश असेल तर त्यातच साधारण ७ नॅनोसेकंदांचा पसारा पडतो. विंडो रुंद होण्याचं मुख्य कारण हे, इलेक्ट्रॉनिक्स नव्हे. महागडा टीडीसी (वेळ मोजून आकड्यात देणारं इलेक्ट्रॉनिक्स) आणून हा पसारा जात नाही. डिटेक्टर जागाही सांगत असेल तर प्रत्येक इलेक्ट्रॉनची जागा बघून वेळ दुरुस्त करता येतो आणि विंडो खरोखर अरुंद होते.

१. सुरुवातीला ऊर्जेची सूक्ष्मता विसरा. मोठी पास एनर्जी, रुंद स्लिट, दोन्ही हात पीकच्या माथ्यावर.

२. दोन्ही सिग्नल प्रीॲम्प्लिफायर, मग कॉन्स्टंट फ्रॅक्शन डिस्क्रिमिनेटर, मग टीडीसी असे न्या. साधा थ्रेशोल्ड डिस्क्रिमिनेटर वापरला तर पल्सच्या उंचीनुसार वेळ सरकतो.

३. एका हातात ज्ञात डिले घाला आणि ५०० नॅनोसेकंदांचा पूर्ण पट्टा नोंदवा. सुरुवातीलाच ५० नॅनोसेकंदांचा पट्टा लावला तर पीक बाहेरच राहिला असण्याची शक्यता मोठी.

४. सपाट बॅकग्राउंडवर एक उंचवटा दिसेपर्यंत थांबा.

उंचवटा दिसला म्हणून लगेच पुढे जाऊ नका. दोन डिटेक्टरांच्या केबल शेजारून जात असतील तर एकाचा पल्स दुसऱ्यात उमटतो आणि छान, टोकदार, खोटा पीक देतो. खरा पीक ओळखायच्या तीन चाचण्या:

- एका हातात १० मीटर जादा कोॲक्सियल केबल जोडा. मीटरला सुमारे ५ नॅनोसेकंद, म्हणजे पीक ५० नॅनोसेकंदांनी सरकला पाहिजे. (खोटा पीकही कधीकधी सरकतो, म्हणून एवढ्यावर विसंबू नका.)
- पास एनर्जी १०० वरून ५० करा. वरच्या हेमिस्फिअरमध्ये प्रवास ५३ वरून ७५ नॅनोसेकंदांवर जातो. खरा पीक सुमारे २२ नॅनोसेकंदांनी सरकेल, लेन्समधला बदल वेगळा. क्रॉसटॉकचा (शेजारच्या केबलमधून उमटलेला) पीक जागचा हलणार नाही.
- सोर्स बंद करा. पीक उरला तर तो विजेचा गोंधळ आहे.

सावधान: कमी ऊर्जेच्या जोड्यांत, उदाहरणार्थ ॲल्युमिनियमच्या एल२३व्हीव्हीमध्ये, ऊर्जा बदलताना वेळही मोठ्या प्रमाणात सरकतो. ३० सेंटिमीटर पार करायला ४० इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या इलेक्ट्रॉनला ८० नॅनोसेकंद लागतात, ७० वाल्याला ६०. विंडो एकाच जागी ठेवून स्कॅन केला तर अर्धा स्पेक्ट्रम हातातून जातो. तांब्याच्या ९०० ते ९४० पट्ट्यात हाच फरक अर्ध्या नॅनोसेकंदाहून कमी आहे. शिकायला तांबं घ्या म्हणतात ते उगीच नाही.

## टप्पा ७: सिंक्रोट्रॉनवर असाल तर

सिंक्रोट्रॉनच्या (वेगवान इलेक्ट्रॉन फिरवून एक्स-रे देणाऱ्या यंत्राच्या) रिंगमध्ये प्रकाश सलग येत नाही, इलेक्ट्रॉनांच्या पुंजक्यांबरोबर येतो. साधारण ५०० मेगाहर्ट्झच्या रिंगमध्ये पुंजके २ नॅनोसेकंदांवर असतात. तुमचा वेळेचा पसारा त्याहून मोठा असेल तर प्रकाश सलग आहे असं समजून वरचंच गणित चालवा.

सिंगल-बंच मोड (रिंगमध्ये एकच पुंजका) मिळाला तर चित्र बदलतं. एका फेरीला बेसी-२ मध्ये ८०० नॅनोसेकंद, ट्रिएस्टच्या एलेट्रात ८६४, आपल्या इंदूरच्या इंडस-२ मध्ये साधारण ५७५. खरी जोडी नेहमी एकाच पुंजक्यातून निघते. शेजारच्या फेऱ्यांमधल्या जोड्या शंभर टक्के आकस्मिक, म्हणून त्यांच्यावरून बॅकग्राउंड काढायचा.

सावधान: अनेक पुंजके असून त्यांची भरण असमान असेल तर शेजारच्या पुंजक्याशी तुलना चुकते. एकाच पुंजक्यातल्या आकस्मिक जोड्या त्याच्या तीव्रतेच्या वर्गावर ठरतात, शेजाऱ्यांमधल्या दोघांच्या गुणाकारावर. अशा वेळी तोच पुंजका एक पूर्ण फेरी मारून परत आल्यावरचा पीक वापरा.

## टप्पा ८: मोजणीचा क्रम

फोटोइलेक्ट्रॉनचा हात २पी ३/२ वर स्थिर ठेवा आणि ऑजे हात फिरवा. एका बिंदूवर बारा तास बसून मग पुढच्या बिंदूवर जाण्याची पद्धत टाळा: पहिला बिंदू स्वच्छ तांब्याचा आणि शेवटचा घाणीच्या थराखालच्या तांब्याचा होईल. पूर्ण पट्टा काही मिनिटांत फिरवा आणि असे शेकडो फेरे घ्या. मधे मधे साधा स्पेक्ट्रम, ऑक्सिजन आणि कार्बनची नोंद. हद्द ओलांडली की थांबून पुन्हा स्पटर-अ‍ॅनील.

प्रत्येक घटना कच्ची साठवा: दोन्ही वेळा, दोन्ही ऊर्जा, फेऱ्याचा क्रमांक, त्या क्षणीचा बीम करंट. मोजतानाच विंडो लावून फक्त ‘खऱ्या’ जोड्या साठवणारं सॉफ्टवेअर दिलं असेल तर ती सोय बंद करा. विंडो नंतर बदलावीशी वाटतेच.

## टप्पा ९: वजाबाकी

आकस्मिक जोड्यांची विंडो खऱ्या विंडोइतकीच घेण्याची सवय पुष्कळांना असते. वरच्या उदाहरणात तसं केलं तर ४७ तासांचं काम ९१ तासांवर जातं, कारण बॅकग्राउंडमधले आकड्यांचे चढउतारही (नॉइज) तितकेच भरतात. पीकच्या दोन्ही बाजूंचा जमेल तितका रुंद पट्टा घ्या आणि रुंदीच्या प्रमाणात भागा.

हा दर काउंट रेटच्या सरासऱ्या गुणून काढू नका, डेटातूनच मोजा. सोर्समध्ये ५० हर्ट्झचा तरंग असेल तर आकस्मिक जोड्या तीव्रतेच्या वर्गाच्या सरासरीवर ठरतात, आणि सरासऱ्यांचा गुणाकार कमी उत्तर देतो.

एक स्टार्ट-एक स्टॉप पद्धतीचं टॅक (दोन सिग्नलमधल्या वेळेचं व्होल्टेजमध्ये रूपांतर करणारं उपकरण) वापरत असाल तर बॅकग्राउंड सपाट नसून हळूहळू उतरता असतो. स्टॉपचा दर सेकंदाला एक लाख असेल तर ५०० नॅनोसेकंदांत सुमारे ५ टक्के उतार. दहा हजारांना तो अर्धा टक्का. एका खऱ्यामागे वीस आकस्मिक असतील तर हा अर्धा टक्काही दुर्लक्षण्यासारखा नाही.

तपासणी: वजाबाकी ऊर्जेच्या प्रत्येक बिंदूवर वेगळी केली का? आणि वजा केलेल्या आकस्मिक जोड्यांचा स्पेक्ट्रम साध्या ऑजे स्पेक्ट्रमवर तंतोतंत बसतो का? बसलाच पाहिजे, दोन्ही एकच गोष्ट आहेत. नसेल बसत तर डिटेक्टर, सॉफ्टवेअर किंवा ऊर्जेची पट्टी यांपैकी काहीतरी बिघडलं आहे.

## टप्पा १०: काहीच दिसू नये अशा जागी मोजा

फोटोइलेक्ट्रॉनचा हात २पी ३/२ पीकपासून १५ ते २० इलेक्ट्रॉन-व्होल्ट जास्त गतिज ऊर्जेला न्या, म्हणजे उपग्रह पीकही टळतील. वजाबाकीनंतर एल३व्हीव्ही नाहीसा झाला पाहिजे. इथेही रेषा उरत असेल तर टप्पा ९ मध्ये परत जा. या मोजणीला मुख्य मोजणीच्या निदान एक-पंचमांश वेळ द्या. ‘वेळ उरला तर बघू’ म्हणून ठेवलेली ही चाचणी कधीच होत नाही, म्हणून वेळापत्रकात ती आधीच घाला.

त्यानंतरच हात २पी १/२ वर, म्हणजे ५३४ ला न्या. इथे दोन गोष्टी दिसतील: ९३८ च्या आसपासचा एल२व्हीव्ही, आणि एल३व्हीव्हीच्या भागात कॉस्टर-क्रोनिगनंतरचा ऑजे, ज्यात व्हॅलन्स पट्ट्यात एक जादा पोकळी असते. पण २पी ३/२ मधून निघून वाटेत २० इलेक्ट्रॉन-व्होल्ट गमावलेले इलेक्ट्रॉनही ५३४ लाच येतात आणि आपल्याबरोबर साधा एल३व्हीव्ही आणतात. त्यांचा वाटा काढायला दोन पीकच्या मधल्या सपाट जागी, ५४४ च्या आसपास, आणखी एक कोइन्सिडन्स स्पेक्ट्रम घ्या आणि तो योग्य प्रमाणात वजा करा. मोनोक्रोमेटर नसेल तर नेमक्या याच जागी २पी १/२ चे उपग्रह येतात. मग दोन-तीन इलेक्ट्रॉन-व्होल्ट खाली सरका. हा तिसरा स्पेक्ट्रम नसताना काढलेला कॉस्टर-क्रोनिगचा वाटा फुगलेलाच असतो.